जिप्समच्या भिंतीमागचा गरम पाण्याचा पाइप : पाथर्डी फाट्यावरच्या एका रो-हाऊसचं प्रकरण

घर नाशकातल्या पाथर्डी फाट्याजवळचं. रो-हाऊस, खाली हॉल-किचन-टॉयलेट, वर दोन बेडरूम आणि एक बाथरूम, गच्चीवर टाकी. बांधकाम पंचवीसेक वर्षांचं. मालक अंबडला एमआयडीसीत नोकरीला, वहिनी घरीच शिकवण्या घेतात, दोन मुलं आणि आजी. मालकांना विचारूनच लिहितोय पण नावगाव देत नाही, त्याने या गोष्टीत काही फरकही पडत नाही. मी नाशकात रिनोव्हेशनची कामं घेतो. हे मूळ काम माझं नाही, दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरने केलेलं, मी भिंतीला ओल आल्यावर गेलो.

आधी मूळ काम काय होतं ते बघू, कारण लोक असं काही झालं की लगेच म्हणतात "जिप्सम लावलं तिथेच चुकलं", आणि या केसमध्ये तसं अजिबात नाहीये. जुन्या घरात वायरिंग सगळं केसिंग पट्टीतून भिंतीवरून गेलेलं, पिवळ्या पडलेल्या पट्ट्या, वर टीव्हीची केबल वेगळी, इंटरनेटची वेगळी, इन्व्हर्टरची वेगळी. जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप आतून गंजून निम्मे बंद झालेले. वहिनींचं म्हणणं एकच होतं, हॉलची डावी भिंत स्वच्छ पाहिजे, एक वायर दिसायला नको, आणि किचनच्या सिंकला वरच्या गिझरचं गरम पाणी पाहिजे, नाशकात डिसेंबर-जानेवारीत सकाळी भांडी घासताना बोटं गारठतात ते ज्याने घासलीत त्यालाच माहीत.

आता ही डावी भिंत म्हणजे शेजाऱ्यांबरोबरची कॉमन भिंत. अर्ध्या विटेची, साडेचार इंची. कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आतून लपवलेलं, काम करायचं तर झिरी (भिंतीत खाच) पाडावी लागणार, आणि झिरीचा साधा नियम असा की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा. ११५ एमएमचा सहावा भाग म्हणजे १९ एमएम. त्यात २५ एमएमचा कंड्युइटसुद्धा (वायरीची नळी) पूर्ण बसत नाही, गरम पाण्याचा पाइप तर सोडाच. तरी त्या कॉन्ट्रॅक्टरने एका टोकाला कटर लावून बघितला, आणि पलीकडच्या घरात प्लास्टर पोकळ वाजायला लागलं, शेजारचे काका चप्पल न घालताच धावत आले. मग ठरलं की भिंतीला हात लावायचा नाही, तिच्यापुढे जीआय स्टडची, म्हणजे पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांची, फ्रेम उभी करून त्यावर जिप्सम बोर्ड मारायचा आणि जे काय न्यायचं ते मधल्या पोकळीतून न्यायचं. मला विचाराल तर निर्णय शंभर टक्के बरोबर. दहा फुटी हॉलमधले अडीच-तीन इंच गेले, पण भिंत वाचली आणि शेजारीही.

काम झालं ते असं. खाली-वर चॅनेल, मध्ये ४८ एमएमचे स्टड दोन-दोन फुटांवर, त्यावर साडेबारा एमएमचा पांढरा बोर्ड, म्हणजे सुताराच्या भाषेत चार सुती. पोकळीत रॉकवूल (दगडी तंतूंची कापसासारखी गादी), शेजारचा आवाज कमी यावा म्हणून. वरच्या बाथरूममधून पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) उभा खाली आला, जमिनीपासून दीड-पावणेदोन फुटांवर वळला आणि तिथून आडवा, स्टडला जी तयार भोकं असतात त्यांच्यातून, किचनपर्यंत. त्याच पोकळीतून वायरी. दिवाळीच्या आत सगळं आवरलं, पेंट झाला, पाहुण्यांनी कौतुक केलं.

गुढीपाडव्याला नवा टीव्ही आला, मोठा. तेव्हा सुतार बोलावला आणि टीव्हीमागे पूर्ण लांबीचं प्लायचं पॅनेल केलं, खाली लटकता ड्रॉवर. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, काही नाही. डिसेंबरच्या शेवटी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याजवळ, स्कर्टिंगच्या वर हाताच्या पंजाएवढा पिवळट डाग दिसला. संक्रांतीपर्यंत तो दोन फूट लांब झाला आणि पेंटला फुगे आले.

डाग एकीकडे, पाणी भलतीकडे

जिन्याजवळच्या त्या जागेच्या बरोबर पलीकडे शेजाऱ्यांचं टॉयलेट. मग काय, सगळ्यांच्या डोक्यात एकच. कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला आणि म्हणाला शेजाऱ्यांचं लीकेज आहे, माझी लाइन मी टेस्ट करून दिलेली. शेजारचे काका आधी चिडले, मग घाबरले, मग वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावून टाइल्स फोडायचं एस्टिमेटसुद्धा घेऊन बसले. दोन्ही घरांत महिनाभर नीट बोलणं नाही, हळदीकुंकवाला वहिनींना बोलावणं आलं पण नेहमीसारखं नाही, असं त्याच म्हणाल्या.

मी गेलो तेव्हा डाग बघायच्या आधी घरच्यांना नुसतं विचारत बसलो की गेल्या दोन महिन्यांत घरात नवीन काय जाणवलं, कसलंही. मालक म्हणाले काही नाही. वहिनी म्हणाल्या काही नाही. आजी म्हणाल्या, "रात्री पंप खोकतो."

आजी वरच्या मागच्या खोलीत झोपतात (गुडघे आमच्यापेक्षा बरे आहेत त्यांचे), आणि गच्चीवर टाकीशेजारी प्रेशर पंप बसवलेला आहे, नळ उघडला की आपोआप सुरू होणारा. रात्री घरात कोणी नळ उघडत नसताना तो मध्येच दोन-तीन सेकंद घुर्रर्र करून बंद व्हायचा, थोड्या वेळाने परत. आजींनी हे दोनदा सांगितलं होतं, घरच्यांनी म्हातारपणात काहीतरी ऐकू येतं म्हणून सोडून दिलं होतं. खरं तर सगळ्या केसचं उत्तर तिथेच होतं. प्रेशर पंप लाइनमध्ये दाब भरून ठेवतो आणि तो ठरावीक आकड्याच्या खाली गेला की परत चालू होतो, पाणी नुसतं थांबलेलं असेल तर दाब पडायचं कारणच नाही. नळ बंद असताना पंप चालू होतोय म्हणजे एकतर पंपाचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) गळतोय किंवा लाइनमधून कुठेतरी पाणी चाललंय.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. पंपाच्या लगेच पुढचा कॉक बंद केला, पंप गप्प बसला. म्हणजे पंप निर्दोष, गळती पुढे. कॉक उघडला, परत खोकला सुरू. मग वर बाथरूममध्ये जाऊन गिझरच्या इनलेटचा कॉक बंद केला. याने काय होतं की थंड पाण्याची सगळी लाइन दाबाखालीच राहते पण गरम लाइन तुटते. बसलो चहा पीत. पंप वाजला नाही. कॉक उघडला, पाच-सात मिनिटांत वाजला. गिझर स्वतः कोरडा होता, बाथरूमचा मिक्सर ठीक होता, राहिली एकच गोष्ट, हॉलच्या बोर्डमागून किचनला जाणारी गरम लाइन. शेजारच्या काकांना तिथेच बोलावलं आणि पंप बंद-चालू होताना ऐकवला, म्हटलं टाइल्स फोडू नका. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग डाग जिन्याजवळ का? पाइप तर त्या बाजूला जातच नव्हता, तो उलट दिशेला किचनकडे जातो. याचं उत्तर फ्रेमच्या खालच्या चॅनेलमध्ये आहे. तो यू आकाराचा पत्रा असतो, तोंड वर. भिंतीच्या पोकळीत कुठेही पाणी गळलं की ते ओघळून आधी त्या चॅनेलमध्ये जमतं आणि पन्हाळीतून वाहावं तसं फरशीचा जिकडे उतार असेल तिकडे चालायला लागतं, मग जिथे चॅनेलचा जोड आलाय किंवा बोर्ड पार फरशीला टेकलाय तिथे बाहेर पडतं. इथे हॉलचा उतार जिन्याकडे होता. गळतीपासून डाग सात-आठ फूट लांब. वीटकामाच्या भिंतीत ओल साधारण गळतीच्या आसपासच दिसते, त्या सवयीने बोर्डच्या भिंतीकडे बघितलं की फसायला होतं, आणि इथे सगळेच फसले होते.

भिंत उघडली तेव्हा

ओल्या बोर्डमागे वायरी आहेत हे माहीत असताना कटर लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, एवढं तरी कोणी विसरू नये. टीव्ही उतरवला, प्लायचं पॅनेल उतरवलं. स्टड कुठे आहेत ते शोधायला मशीन वगैरे लागत नाही, एक चांगलं मॅग्नेट बोर्डवर फिरवायचं, पुट्टीखालच्या स्क्रूच्या डोक्यांवर ते चिकटतं, तशी एक उभी ओळ मिळाली की तो स्टड. दोन स्टडच्या मधला तुकडा हातकरवतीने कापला, पातं बोर्डच्या जाडीएवढंच आत जाईल अशा बेताने.

आत पहिला आला तो वास, पावसाळ्यात बंद राहिलेल्या ट्रंकेचा. रॉकवूल खालून फूटभर चिंब, पिळलं तर पाणी निघेल इतकं. बोर्डच्या मागच्या कागदावर काळी बुरशी, ठिपक्या-ठिपक्यांची, साधारण फूटभर वरपर्यंत. जिप्सम पाणी वर ओढतो, त्यामुळे चॅनेलमध्ये बोटभर पाणी असलं तरी बोर्ड टीचभर वरपर्यंत मऊ होतो, बोट दाबलं की खळगा पडत होता. आणि दीड फुटावर आडवा पाइप, त्यात रुतलेला एक काळा स्क्रू, डोकं आता हवेत कारण पॅनेल काढलेलं, टोकाशी गंजाचा तपकिरी ओघळ. वरून लाइनला पाणी सोडायला सांगितलं आणि स्क्रूच्या बाजूने केसाएवढी धार सुटून मागच्या विटेवर आपटायला लागली. बाहेर कान लावला असता तरी आवाज आला नसता, रॉकवूलने सगळा गिळला होता.

हिशोब मांडून बघा म्हणजे कळेल की हे अपघाताने झालं असं म्हणता येत नाही. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २२ एमएमच्या आसपास. ४८ एमएमच्या स्टडच्या मधोमध तो गेला की दोन्ही बाजूंना जेमतेम १३ एमएम जागा उरते. बोर्डवाल्याचा स्क्रू २५ एमएमचा, त्यातले साडेबारा बोर्डमध्ये जातात, आत निघतात साडेबारा, म्हणजे पाइपला लागत नाही, वाचला, केसभर फरकाने वाचला. पण सुताराचं प्लाय १८ एमएम, बोर्ड साडेबारा, मिळून साडेतीस, आणि स्क्रू दोन इंची, ५० एमएमचा. आत निघाले साडेएकोणीस. पाइप तेरावर. सहा एमएम सरळ पाइपच्या पोटात.

आणि सुताराने दोन इंची का वापरला? कारण जिप्समला पकड नसते. त्याला टीव्ही, पॅनेल, ड्रॉवर सगळ्याचं वजन टांगायचं होतं, मागे कुठेच प्लायचं बॅकिंग दिलेलं नव्हतं, म्हणून तो लांब स्क्रू मारून काहीतरी कडक लागतंय का शोधत होता. लागलं तेव्हा त्याला वाटलं असणार स्टड मिळाला. पकड छान बसली. पाइपात.

मग तेव्हाच का नाही गळलं, आठ-नऊ महिन्यांनी का? स्क्रू स्वतःच भोकाचं बूच होऊन बसतो, हे प्लंबर लोकांनी खूप ठिकाणी बघितलेलं असतं. पाडव्यानंतर उन्हाळा, गिझर जवळजवळ बंदच. थंडी सुरू झाली तशी लाइन रोज गरम-गार व्हायला लागली, आणि सीपीव्हीसी तापला की लांब होतो, तीन मीटर पाइप चाळीस अंशांनी तापला तर साधारण आठ एमएम. पाइप मागे-पुढे सरकतोय आणि स्क्रू प्लायला घट्ट जखडलेला, म्हणजे रोज सकाळी भोक थोडं थोडं ओढलं जाणार. त्यात काळा ड्रायवॉल स्क्रू पाण्यात पटकन गंजतो. डिसेंबर-अखेरीला बूच सुटलं. वहिनींना आठवलं की थंडीत सकाळी भिंतीतून टक टक असा आवाज यायचा, त्यांना वाटायचं पाल आहे. तो पाइप स्टडच्या भोकात घासून सरकायचा आवाज.

पाणी सोडून आणखी जे सापडलं ते मला जास्त टोचलं. किचनकडे जाणाऱ्या वायरी निम्म्या वाटेत कंड्युइटमध्ये आणि निम्म्या तशाच उघड्या, स्टडच्या भोकातून ओढलेल्या. त्या भोकांच्या कडा पत्र्याच्या, धारदार, तिथे रबरी बुश लागतो, एकाही भोकात नव्हता, एका ठिकाणी इन्सुलेशन अर्ध्यापर्यंत कापलं गेलेलं. एक जोड नुसता पिळून टेप गुंडाळून रॉकवूलमध्ये सोडून दिलेला, बॉक्स नाही काही नाही. दोन वायरी सरळ गरम पाइपच्या अंगावर पडलेल्या, आणि हे फारसं कोणाला माहीत नसतं पण वायरच्या मऊ पीव्हीसीमध्ये जे प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारं रसायन) असतं ते सीपीव्हीसीला मानवत नाही, वर्षानुवर्षं चिकटून राहिलं तर पाइप तडकू शकतो. शिवाय रॉकवूलमध्ये पूर्ण गाडलेल्या वायरला उष्णता बाहेर टाकता येत नाही, तिची करंट न्यायची क्षमता निम्म्याच्या आसपास येते, म्हणून तिथे जाडी एक पायरी वाढवून घ्यायची किंवा वायर वूलच्या बाहेर बोर्डच्या बाजूने न्यायची. आणि डीबीमध्ये (सगळे ब्रेकर असतात त्या पेटीत) आरसीसीबीच नाही, म्हणजे करंट कुठे गळला तर वीज तोडणारा ब्रेकर. नुसते एमसीबी. ओल्या पत्र्याच्या फ्रेमला करंट लागला असता तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागला नसता, तो ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटला पडतो (ट्रिप होतो), माणसाला लागणाऱ्या मिलिअँपिअरला नाही.

कोणाचं काय चुकलं

मालकांनी आधीच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. तो म्हणाला माझा पाइप चांगला होता, बोर्ड मारायच्या आधी टेस्ट केली होती. खरं आहे, एकही जॉइंट गळत नव्हता. बोर्डवाला म्हणाला मी पंचवीसचाच स्क्रू मारला. तेही खरं. सुतार म्हणाला मला कोणी सांगितलंच नाही की आत पाणी आहे, मी टीव्हीच्या भिंतीत पाणी कशाला शोधू? त्याचंही खरंच. वायरमनचं सोडून द्या, त्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे काही नाही.

माझं म्हणणं हे आहे की त्या दोन इंचाच्या पोकळीत चार जण वेगवेगळ्या वेळी हात घालून गेले आणि प्रत्येकाने आपल्यापुरतं बघितलं, ती पोकळी कोणाच्याच ताब्यात नव्हती. विटेच्या भिंतीत हे कमी होतं कारण तिथे ड्रिल मारताना माणूस दबकून असतो, आत काय असेल काय नाही. बोर्डला पाहून कोणालाच भीती वाटत नाही, स्क्रू लोण्यासारखा जातो. आणि सगळ्यात शेवटी येणारा माणूस सगळ्यात लांब स्क्रू घेऊन येतो, त्याच्या वेळेला आधीचे तिघं पैसे घेऊन गेलेले असतात. पाइपांचे फोटो होते म्हणे, कॉन्ट्रॅक्टरच्या मोबाइलमध्ये, तो मोबाइल बदलला.

दुरुस्ती

सोपी दुरुस्ती म्हणजे भोकाजवळचा तुकडा कापायचा, दोन कपलर लावायचे, बोर्ड बंद. मालकांना तेच हवं होतं आणि त्यांचं समजू शकतो. पण त्याने बोर्डमागे दोन नवे जोड कायमचे गाडले जाणार होते, तेही दाब असलेल्या गरम लाइनवर. माझा प्रश्न वेगळाच होता, ही लाइन हवी कशाला? वरच्या गिझरपासून सिंकपर्यंत पाइप नऊएक मीटर. पाऊण इंचीत मीटरला पाव लिटर पाणी बसतं. म्हणजे वहिनी नळ उघडणार, आधी सव्वादोन लिटर गार पाणी वाया घालवणार, मग कोमट येणार, तोवर चार वाट्या घासून झाल्या. वर गिझरमधलं आजींच्या आंघोळीचं पाणी कमी होणार ते वेगळंच. मी विचारलं की खरं सांगा, गरम पाणी यायची किती वेळ वाट बघता, तर हसल्या आणि म्हणाल्या बघतच नाही, गॅसवर पातेलं ठेवते.

झालं मग. सिंकखाली तीन लिटरचा इन्स्टंट गिझर, तीन हजार वॉटचा, आणि भिंतीतली गरम लाइन दोन्ही टोकांना, वर बाथरूममध्ये आणि खाली सिंकच्या कपाटात, जिथे हात पोचतो तिथे, एंड कॅप लावून बंद. त्या भिंतीत आता पाणीच नाही. तीन हजार वॉट म्हणजे तेरा अँपिअर, त्याला वेगळी ४ चौरस एमएमची वायर डीबीपासून सरळ, मध्ये एकही जोड नाही, पूर्ण कंड्युइटमध्ये, स्वतंत्र एमसीबी. भोकांना रबरी बुश, फ्रेमला अर्थिंग, पिळलेला जोड काढून टाकला, जिथे जोड टाळता येईना तिथे पुढून झाकण उघडणारा बॉक्स. डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, तो दोन-तीन हजारांत येतो, भिंतीच्या पेंटला त्याच्या कितीतरी पट गेले. बसवल्या दिवशीच तो दोनदा पडला, वर बेडरूममधल्या एका जुन्या इस्त्रीमुळे, म्हणजे ती इस्त्री इतके दिवस हळूच करंट सोडत होती.

बोर्डचं काम सावकाश केलं. खालचा दोन फूट पट्टा पूर्ण काढला, ओलं रॉकवूल फेकलं, चॅनेल पुसून बघितलं, एका ठिकाणी जस्त गेलेलं होतं तो तुकडा बदलला. मग भिंत उघडी ठेवून पंखा लावून दिला. नाशिकची थंडीतली कोरडी हवा इथे कामाला आली, हेच जुलैमध्ये झालं असतं तर वीट वाळायची वाट बघत बसलो असतो. घरचे दुसऱ्या आठवड्यापासून "आता बंद करा ना" म्हणायला लागले होते, पण वीट आतून ओली असताना बोर्ड मारला की बुरशी नव्याने सुरू होते, त्यामुळे मॉइश्चर मीटरचा आकडा वरच्या कोरड्या भागाएवढा येईपर्यंत हट्टाने थांबलो. परत मारताना नवा बोर्ड फरशीपासून बोटभर वर ठेवला, खाली पुसण्याचं पाणी लागतं तिथे फायबर सिमेंट बोर्डची पट्टी, तीही स्क्रूने, काढता येईल अशी. ओलसर जागेसाठी हिरवा बोर्ड मिळतो पण त्याच्याबद्दल लोकांचा समज जरा जास्तच असतो, तो दमट हवेला टिकतो, साचलेल्या पाण्याला नाही. पेंटचा पॅच मात्र करू नका म्हटलं, त्या भिंतीवर वरून एलईडी पट्टीचा तिरका उजेड पडतो, त्यात जोडाचा उंचवटा हमखास दिसतो. पूर्ण भिंत रंगवली.

टीव्हीच्या जागी दोन स्टडच्या मध्ये प्लायचं बॅकिंग टाकलं, बोर्डच्या मागच्या बाजूला, स्टडला पक्कं. आता ब्रॅकेट आणि पॅनेल त्यालाच, लांब स्क्रूची गरजच नाही. वायरी कुठून गेल्यात त्याचे फोटो टेप धरून काढले, फरशीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे दिसेल असे, आणि मोबाइलवर न ठेवता प्रिंट काढून डीबीच्या झाकणाला आतून चिकटवले. पुढचा कोणीही वायरमन किंवा सुतार आला तरी मेन बंद करायला तो डीबी उघडणारच.

पाइप अजिबात टाळता येत नाही अशी घरं असतात, तिथे माझं काय चालतं तेही सांगतो. ४८ च्या ऐवजी ७० एमएमचा स्टड घ्यायचा म्हणजे पाइप मागे ढकलता येतो, जिथे तो स्टडमधून जातो तिथे पुढे पत्र्याची जाड पट्टी, एल्बो आणि टी (वळणाचे आणि फाट्याचे जोड) सगळे किचनच्या कपाटात किंवा बाथरूमच्या बाजूला उघडणाऱ्या झडपेमागे येतील असा मार्ग आखायचा, सरळ तुकडे तेवढे बोर्डमागे. गरम लाइनला फोमची नळी, स्टडच्या भोकात पाइप सैल. बोर्ड मारायच्या आधी पाण्याने टेस्ट, कामाच्या दाबाच्या दीडपट, हवेने नाही, प्लास्टिकच्या पाइपात हवा भरून टेस्ट करणं धोक्याचं असतं, फुटला तर तुकडे उडतात. आणि त्या टेस्टचा दाब बोर्ड मारताना तसाच ठेवायचा. कोणाचा स्क्रू लागला तर प्रेशर गेजचा काटा बहुतेक वेळा तिथल्या तिथे खाली येतो, डिसेंबरची वाट बघावी लागत नाही.

शेजारच्या काकांनी टॉयलेट फोडलं नाही ते फोडलं नाही, पण आता त्यांच्या सूनबाईंना त्याच भिंतीला त्यांच्या बाजूने बोर्ड हवाय, टीव्ही युनिटसकट. काकांनी मला विचारलं प्लंबर कधी पाठवता. मी म्हटलं, काका, प्लंबर राहू द्या, आधी सुताराला बोलवा, त्याला कुठे कुठे स्क्रू मारायचेत ते भिंतीवर खडूने काढून घ्या, मग बाकीचे ठरवू. सध्या त्यांच्या हॉलच्या भिंतीवर खडूचा चौकोन आहे, त्यात सतरा फुल्या.